ताडपत्रीमागची चंद्राबाई

देवळातल्या गोड गाण्याची मला आता शिसारी येते. सहा वर्षं देवळात पायपेटी वाजवलेल्या माणसानं असं म्हणावं हे कुणाला बरं वाटणार नाही, पण बरं वाटावं म्हणून मी हे लिहीतही नाही. धरण भरून दोन वर्षं झाली. चंद्राबाई आता कुठे आहे, आहे की नाही, मला ठाऊक नाही. तिच्याविषयी दुसरं कुणी काही लिहिणार नाही एवढं ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसलो.

मुळशीला मुळा नदीवर धरण बांधायला घेतलं तेव्हा पौडच्या रस्त्यानं माणसांची रीघ लागली होती. गोव्याचे गवंडी, सुतार, फिटर आले. आम्ही नगरकडले ख्रिस्ती आलो, दुष्काळानं हुसकलेले. खडी फोडायला आणि माती वाहायला. माझे वडील मिशनच्या शाळेत चार बुकं शिकले होते म्हणून मी कॅम्पातल्या पोरांचा मास्तर झालो, नाहीतर माझ्याही हातात हातोडाच असता. पाद्रीबाबा पुण्याहून पंधरा दिवसांनी यायचा. बाकीच्या दिवशी प्रार्थना वाचायची, मेलेल्यांना पोचवायचं आणि पेटी वाजवायची, ही माझी कामं.

देऊळ पत्र्याचं होतं. पुढं बाकं होती. ती गोव्याच्या सुतारांनी केलेली, म्हणून त्यावर गोव्याचे लोक बसायचे. मागं दाराशी गोणपाट अंथरलेलं असायचं, ते आमचं. असा नियम कुणी लिहून लावला नव्हता, आणि लिहिलेला नसल्यामुळेच तो कधी मोडला नाही. पवित्र भाकर घ्यायलासुद्धा आधी बाकं उठायची आणि मग गोणपाट. महारवाड्यातून सुटायला आमच्या आजोबांनी बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर घेतलं होतं. नातवंडं नगरहून मुळशीपर्यंत आली आणि पुन्हा दाराशीच बसली. याची चीड तेव्हा मला रोज येत नव्हती, कारण मी पेटीपाशी बसायचो, आणि पेटी पुढं होती.

गोव्याच्या लोकांची एक मंडळी होती. तिला ते कोंफ्रारी म्हणायचे. सणाला पांढरा झगा आणि वर तांबडं खांदवस्त्र घालून हे लोक मिरवणुकीत पुढं चालायचे, आणि गायकही तेच. मंडळीतला कुणी मेला की घंटा वाजायची, पुण्याहून पाद्रीबाबाला आणलं जायचं, सगळे गायक जमायचे, मृतांची मिस्सा, म्हणजे पाद्रीनं वेदीपुढं करायची मोठी उपासना, लॅटिनमध्ये गाऊन व्हायची आणि माणूस देवळामागच्या कुंपणात पुरला जायचा. मंडळीत शिरायला गोव्यातलं बरं घराणं लागायचं. आमच्यातला कुणी मेला तर मी एक प्रार्थना वाचायचो आणि खाली नदीकडच्या माळावर त्याला माती द्यायचो. खाली का, तर म्हणे वर जागा कमी.

त्या माळाच्या वरच्या अंगाला सर्व्हेवाल्यांनी दगडांना चुना फासून एक रेघ काढली होती. धरण भरलं की पाणी तिथवर चढणार होतं. रेघेच्या खाली मावळ्यांची भातखाचरं होती, घरं होती, त्यांचे देव होते, आणि आमची मेलेली माणसं. कुंपणातली जागा तेवढी रेघेच्या वर होती. खड्डे खणायला कुशाबा यायचा. त्याची स्वतःची खाचरं रेघेखाली गेलेली. धरणाविरुद्ध सत्याग्रह करून तो तुरुंगात जाऊन आला होता आणि आता पोटासाठी त्याच धरणावर कुदळ मारत होता.

चंद्राबाईचं बाप्तिस्म्याचं नाव क्लारा. पाद्री सोडला तर त्या नावानं तिला कुणी हाक मारली नाही, आणि पाद्रीनं मारली तर ती इकडेतिकडे बघायची. चाळिशीची, रुंद हाडाची, दातांना मिश्री, डाव्या अंगठ्याचं नख हातोड्यानं कायमचं गेलेलं. नवरा मानमोडी तापाच्या साथीत गेला होता. मागं राहिला तो बहिरू, एकुलता एक. खडीवर बसली की ती गायची. तिचा आवाज गोड मुळीच नव्हता. तो सरळ यायचा आणि आत कुठंतरी जाऊन बसायचा, मग संध्याकाळपर्यंत निघायचा नाही. एकदा मुकादमानं तिला गाणं बंद कर म्हणून दटावलं, तर ती म्हणाली की आधी पन्नास हातोडे बंद करा, मग मीही गप्प बसते. मुकादम त्यानंतर तिच्या ढिगाकडे फिरकला नाही.

बहिरू एकोणीस वर्षांचा होता. खडकात सुरुंगाची भोकं पाडायचा. पंचवीस सालच्या नाताळाला आठ दिवस होते. एक सुरुंग उडाला नाही म्हणून तो बघायला गेला, आणि तेव्हा उडाला. त्याच्या आठवडाभर आधी गोव्याचा एक सुतार तापानं गेला होता. त्याला घंटा वाजवून, सगळी मिस्सा गाऊन कुंपणात पुरला होता. चंद्राबाईनं ते दाराशी बसून पाहिलं होतं. ती मिंगेल फोरमनकडे गेली. मिंगेल मंडळीचा मुख्य, आणि चाळीतल्या खोल्या कुणाला द्यायच्या, कुणाच्या काढून घ्यायच्या हेही त्याच्याच हातात. तिनं त्याला सरळ विचारलं, "त्या सुताराला गाऊन लावलं. माझ्या बहिरूला का न्हाई?"

मिंगेलनं तिला नीट, हळू आवाजात समजावलं. मंडळीचे गायक मंडळीसाठी असतात, त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही, देवाला सगळे सारखे. असं बोलणारी माणसं मला आरडाओरडा करणाऱ्यांपेक्षा जास्त किळसवाणी वाटतात. ओरडणाऱ्याला निदान आपण काय करतो ते कळत असतं.

बहिरूला आम्ही दुपारी माळावर नेला. मी प्रार्थना वाचली. वर देवळात त्याच वेळी नाताळाच्या गाण्यांची तालीम चालली होती आणि वाऱ्याबरोबर ती खाली ऐकू येत होती. येशूबाळ जन्मल्याचा आनंद चार आवाजांत. चंद्राबाई मातीच्या ढिगापाशी उभी राहून तिकडे कान देऊन ऐकत होती. तिची एक समजूत होती. गाऊन पोचवलेला माणूस देवाच्या कानावर जातो. वाचून पोचवलेला कुठंतरी कागदात राहतो. धर्मशिक्षणाच्या पुस्तकात असं काही नाही, पण पुस्तकात जे होतं ते तरी कोण पाळत होतं? कुशाबानं कुदळ खांद्यावर टाकली आणि मला म्हणाला, "तुमच्यातबी हायेच म्हना की ह्ये." मी पुस्तक मिटलं आणि वर चालू लागलो. तालमीला पेटी लागणार होती.

पुढचा उपवासकाळ आला, ईस्टरआधीचे चाळीस दिवस. गोव्याकडे पवित्र शुक्रवारी, येशूच्या मरणाच्या दिवशी, एक रीत आहे. त्या दिवशी देवळातली घंटा मुकी असते, पेटीला कुलूप असतं, कुणाला बोलवायचं तर लाकडाची कटकटी फिरवतात. दुपारी मेलेल्या ख्रिस्ताची मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते, आणि काळ्या वस्त्रातली एक बाई चौरंगावर चढून येशूचा चेहरा उमटलेलं कापड तीन दिशांना उलगडून दाखवते. दर वेळी ती एक लॅटिन गाणं म्हणते. बाजाची साथ नाही, एकट्या गळ्यानं म्हणायचं. चौरंगावर चढायचा मान मंडळीतल्या घराचा. आधी एका फिटरची बायको म्हणायची, ती गोव्याला परत गेली. त्या वर्षी मान मिंगेलच्या रोझालिनला, पंधरा वर्षांच्या पोरीला मिळाला. पोर गरीब होती, पण वर चढताना तिचा आवाज फाटायचा.

गायकांना शिकवणारा कायतान मेस्त हा भला आणि भित्रा माणूस. फिडल उत्तम वाजवायचा. तो एकदा खडीच्या बाजूनं जाताना चंद्राबाईचं गाणं ऐकून थबकला होता, आणि त्यानं मिंगेलला सांगितलं की आवाज आहे, पण तो खडीवर आहे. मिंगेलनं दोन दिवस विचार केला. मग त्यानं जो निकाल दिला तो मी माझ्या कानांनी ऐकला, आणि त्याच्या भाषेतच लिहितो, कारण तो मला अजून तसाच ऐकू येतो. "आवाज चलता. मनीस चलना."

म्हणून ताडपत्री. चौरंगामागं बांबूंवर काळी ताडपत्री ताणायची, चंद्राबाईनं तिच्या मागं बसून म्हणायचं, आणि रोझालिननं पुढं उभं राहून नुसते ओठ हलवायचे. हे सांगायला मेस्त तिच्या खोपटात गेला तेव्हा बोलणं समजावायला मला बरोबर नेलं. मला वाटलं होतं ती आम्हाला हाकलून देईल. तिनं सगळं ऐकून घेतलं, चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "म्हनते मी. पर माझ्या बहिरूची मिस्सा गाऊन व्हाया पायजे. पानी यायच्या आदी."

मिंगेलनं क्रुसाला हात लावून कबूल केलं. फक्त एवढंच म्हणाला की पवित्र आठवड्यात आणि ईस्टरनंतरच्या आठवड्यात मृतांची मिस्सा गाता येत नाही, तेव्हा त्यानंतर. हे खरं होतं. चर्चचा नियमच तसा आहे. खोटं बोलणाऱ्याला एक खरा नियम सापडला की त्याच्याइतका निर्धास्त माणूस दुसरा नाही.

दर रविवारी दुपारी खडीच्या ढिगामागं मेस्त तिला शिकवायचा. तिला अक्षरओळख नव्हती. मेस्त एक ओळ फिडलवर वाजवायचा, मग तोंडानं म्हणायचा, आणि ती हातोड्याच्या ठोक्यावर ती बसवून घ्यायची. सोमवारपासून सहा दिवस तिची खडी लॅटिनमध्ये फुटायची. तिसऱ्या रविवारी तिनं मेस्तला विचारलं की ह्याचा अर्थ काय. मेस्तला येत नव्हता. चाळीस वर्षं तो हे शिकवत होता, आणि त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी पाद्रीबाबाला विचारून तिला सांगितला. वाटेनं जाणाऱ्या लोकांना कुणी म्हणतंय, थांबा, माझ्याकडे बघा, माझ्या दुःखासारखं दुःख कुठं आहे का ते सांगा. चंद्राबाईनं हातातला हातोडा खाली ठेवला. मग म्हणाली, "मंग ह्ये माझंच हाय की."

तिचंच होतं. आणि 'माझ्याकडे बघा' हे तिनं ताडपत्रीमागून म्हणायचं होतं. आम्हा शहाण्यांपैकी एकालाही त्यात काही विचित्र दिसलं नाही.

त्या शुक्रवारी पेटीला कुलूप असल्यामुळे मला काम नव्हतं. मी ताडपत्रीच्या कडेला उभा होतो. कटकटी थांबली, रोझालिननं कापडाची पहिली घडी सोडली आणि मागून चंद्राबाईचा आवाज उठला. कॅम्पातली सगळी माणसं खाली बसली. बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. टेकाडावर मावळे बघायला उभे होते, त्यांनी मुंडाशी काढली. ती दुसऱ्या वेळेला म्हणाली तेव्हा मेस्त रडत होता, आणि तिसऱ्या वेळेला मीही. डोळ्यांतलं ते पाणी मला आठवतं आणि त्याचीही शिसारी येते. रडून झाल्यावर आम्ही केलं काय?

तर हे केलं. ओव्हरसियरच्या बायकोनं रोझालिनला जवळ घेतलं आणि जाळीचा हातरुमाल बक्षीस दिला. मिंगेलनं मान लववून आभार मानले. लोक पोरीच्या आवाजाचं कौतुक करत होते आणि पोर खाली बघत होती. चंद्राबाईला मागच्या बाजूनं, लोहारखान्याच्या वाटेनं जायला सांगितलं होतं. ती तशीच गेली.

ईस्टर झाला, त्यानंतरचा आठवडा झाला. मेस्त रजेवर गोव्याला गेला, तेव्हा त्याच्याशिवाय मिस्सा कशी? मेस्त आला तर पावसाळा, गायकांचे घसे बसलेले. पाऊस ओसरला तर धरणावर दुप्पट काम. नोव्हेंबरात सगळ्या मृतांचा दिवस आला. त्या दिवशी मिस्सा गाऊन झाली, सगळे गायक होते, सगळ्यांचे घसे उत्तम होते. मंडळीच्या मृतांची नावं वाचली. चंद्राबाई दाराशी शेवटच्या नावापर्यंत उभी होती. मग तिनं मिंगेलला गाठलं. मिंगेल म्हणाला, आजचा दिवस सगळ्याच मृतांचा असतो, त्यात तुझाही आलाच. गरज सरो वैद्य मरो म्हणतात ते मी पोरांना फळ्यावर लिहून शिकवत होतो. इथं ते पांढऱ्या झग्यात चालताना बघितलं.

ती भांडली नाही. तिचं बळ तिनं भांडणात घालवलं नाही. दर रविवारी ती प्रार्थना संपल्यावर देवळाच्या ओट्याखाली उभी राहायची आणि मिंगेलकडे बघायची. मिंगेल दुसऱ्या दारानं जायला लागला. धरणाची भिंत रोज वर चढत होती. रविवारी दुपारी ती माळावर जायची, बहिरूच्या थडग्यापासून चुन्याच्या रेघेपर्यंत पावलं टाकत चढायची आणि परत यायची. कुशाबा मला म्हणाला की बाई अंतर मोजतीय. किती भरलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

सत्तावीस सालच्या जानेवारीत पाद्रीबाबा एका आजाऱ्याला बघायला मंगळवारीच आला आणि मुक्कामाला राहिला. चंद्राबाईनं त्याला देवळाच्या ओट्यावर गाठलं. त्याला मराठी चांगलं यायचं. तिनं त्याला सगळं सांगितलं नाही, मुलाची मिस्सा गाऊन हवी एवढंच सांगितलं. तो म्हणाला, उद्या सकाळी करू. मग ती म्हणाली की मीच म्हणू का, मला लॅटिन येतं. तो जरा हसला. बाईनं वेदीच्या गायनात गाऊ नये असा रोमचा नियम आहे, पुरुषच हवेत. पण फार नकोत, मिस्सेची उत्तरं गाणारा एक पुरुष असला तरी पुरे.

पाद्रीबाबा सोडून ओट्यावर सहा पुरुष होते. मिंगेल होता, मेस्त होता, मंडळीचे चार गायक होते. पाद्रीबाबानं विचारलं, उद्या कोण गाईल? मिंगेलनं गळ्याला हात लावून खोकून दाखवलं. गायक मिंगेलकडे बघत राहिले. मेस्त बिचारा तोंड उघडत होता आणि मिटत होता. त्याची खोलीही मिंगेलच्याच हातात होती. पाद्रीबाबा थोडा वेळ थांबला, मग चंद्राबाईला म्हणाला की बाई, वाचून मिस्सा करतो, देवाला तीही तेवढीच पोचते. चंद्राबाई म्हणाली, "वाचून झालंय, बाबा. मास्तरांनी वाचलंय." आणि ओटा उतरून गेली. सहा धडधाकट पुरुष, रोज सकाळी देवापुढं आ वासणारे, सगळे मूग गिळून बसले.

मग पुन्हा उपवासकाळ आला, आणि गंमत बघा, मिंगेल स्वतः पायांनी तिच्या खोपटात गेला. बरोबर गूळ आणि खोबऱ्याची वाटी घेऊन गेला. मला बरोबर जावंच लागलं. यंदा शेवटचं वर्ष, कॅम्प मोडणार, पुण्याहून बडी पाहुणेमंडळी येणार, ईस्टरनंतर पहिलं काम बहिरूचं, क्रुसाची शपथ. शपथ तीच, शब्द तेच, नुसता गूळ नवा होता. चंद्राबाईनं सगळं ऐकलं आणि "बरं" म्हणाली. तालमीला आली नाही. मेस्त बोलवायला गेला तर म्हणाली की येतंय मला, विसरायला काय झालं.

शुक्रवारी ती वेळेवर आली, धुतलेलं लुगडं नेसून, आणि ताडपत्रीमागं जाऊन बसली. पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. मिरवणूक आली. कटकटी थांबली. रोझालिन चौरंगावर चढली, तिनं कापडाची घडी सोडली आणि तोंड उघडलं.

काही ऐकू आलं नाही.

रोझालिन ओठ हलवत राहिली. तिला तेवढंच शिकवलं होतं. मी ताडपत्रीच्या कडेनं आत बघितलं. चंद्राबाई मांडी घालून, मांडीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. तोंड मिटलेलं. चेहऱ्यावर राग नव्हता. हातातलं काम संपवून बसलेली बाई जशी दिसते तशी दिसत होती. मिंगेल मागच्या बाजूनं वाकून आत आला आणि दात आवळून काहीतरी पुटपुटला. तिनं त्याच्याकडे बघितलं. त्याला ओरडता येईना. घंटा नाही, पेटी नाही, बाजा नाही, त्या दिवशी देवळात शांतता हाच नियम. झाकायला त्याच्याकडे काहीसुद्धा नव्हतं. शेवटी त्यानं कटकटीवाल्याला खूण केली, कटकटी जरा वेळ कडकडली आणि थांबली. पोर दुसऱ्या दिशेला वळली, पुन्हा कापड उलगडलं, पुन्हा तोंड उघडलं. मग तिसऱ्या दिशेला.

आणि आता जे सांगतो ते कुणाला पटणार नाही, पण मी तिथं होतो. लोक डोळे पुसत होते. पहिल्या खेपेला त्यांनी एकमेकांकडे बघितलं, दुसऱ्या खेपेला गुडघे टेकले, तिसऱ्या खेपेला म्हाताऱ्या छाती बडवत होत्या. चौरंगावर मिंगेलची पोर आहे, तोंड उघडं आहे, म्हणजे गाणं चालू आहे. ऐकू येत नाही असं आधी कोण म्हणणार? मागाहून ओव्हरसियरच्या बायकोनं रोझालिनचा गालगुच्चा घेतला आणि म्हणाली की गेल्या वर्षीपेक्षा यंदा फारच छान म्हटलंस. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी लोहारखान्यामागं जाऊन ओकलो. मावळ्यांपैकी फक्त कुशाबानं मला विचारलं की यंदा बाई का गायली नाही. त्याला ताडपत्रीच्या मागचं आधीपासून ठाऊक होतं. टेकाडावरून दोन्ही बाजू दिसायच्या.

त्यानंतर मिस्सेचं नाव कुणी काढलं नाही. मंडळीत एकदम तिच्याविषयी कडक बोलणं सुरू झालं. देवाच्या मरणाच्या दिवशी देवाला फसवलं म्हणे बाईनं. देवाला कुणी फसवलं ते ताडपत्रीच्या दोन्ही बाजू पाहिलेल्या कुणालाही सांगता आलं असतं. रोझालिन मात्र एकदा शाळेच्या वाटेनं आली आणि जाळीचा तो रुमाल माझ्या हातात देऊन म्हणाली की हा त्यांना द्या. मी दिला. चंद्राबाईनं तो उलटून पालटून बघितला आणि चुलीवरचं भांडं उतरवायला वापरला.

मे महिना सरताना कॅम्प मोडायला लागला. चाळींचे पत्रे उतरले, खडीची माणसं पहिली निघाली. चंद्राबाई एका सकाळी खांद्यावर बोचकं घेऊन शाळेच्या दाराशी आली. पौडपर्यंत पायी आणि पुढं मिळेल ते धरून नगरकडे जाणार होती. पहाटेच माळावर जाऊन आली असावी, पायांना दव लागलं होतं. मी तिला बसा म्हणालो. ती बसली नाही.

"मास्तर, एक इचारायचं हुतं," ती म्हणाली. "ती मेलेल्यांची मिस्सा तुमाला येती?"

मी म्हणालो, येते. सहा वर्षं प्रत्येक मिस्सेला पेटी मीच वाजवली, न येऊन कसं चालेल?

"समदी?"

"सगळी. तोंडपाठ."

तिनं बोचकं नीट केलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"पाद्रीबाबा त्या दिशी म्हनला हुता, येक बाप्या आसला तरी पुरं." मग ती थोडी थांबली. मला वाटतं, मी काही बोलेन म्हणून थांबली. "तुमी बी हुता की तितं, मास्तर."

ती वळली आणि पौडच्या रस्त्याला लागली. वळणावर वडाखाली तिनं बोचकं एकदा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलेलं दिसलं, मग दिसली नाही. त्याच पावसाळ्यात धरण भरलं. श्रावणात पाणी माळावर चढलं आणि चुन्याच्या रेघेला लागलं. मी वर कुंपणापाशी उभा राहून बघितलं. तेव्हासुद्धा गाता आलं असतं, आजूबाजूला कुणीही नव्हतं. मिंगेल तर कधीच गोव्याला गेला होता.

हे मी दोन वर्षांत बऱ्याच जणांना सांगितलं आहे. मिंगेलला शिव्या घालून सांगतो, मेस्तची कीव करून सांगतो. ऐकणारे हळहळतात. दर वेळी ओट्यावर सहा पुरुष होते असंच सांगतो, वरही तसंच लिहिलं आहे.

सात होते.